समासात

कारापूरकर पूर्ण पत्र कधी लिहीत नसत.
डिचोली बाजारात, भुसारी दुकानाच्या माडीवर
त्यांचा दिवाळी अंक निघायचा,
वर्षातून एक, तोही बहुधा तुळशीच्या लग्नानंतर.
मी सारमानसहून गोष्ट पाठवायचे.
महिन्याभराने पोस्टकार्ड यायचे,
तांबड्या शाईत एखाददुसरी ओळ.

"पहिले पान फाड. गोष्ट दुसऱ्या पानावर जागी होते."

फाडले.
त्यात पहाट होती, धुके होते,
मांडवीला मी जीवनदायिनी म्हटले होते.
कुणालाच काही हरवल्यासारखे वाटले नाही.

"आई उद्गारली, मामा उत्तरले.
तुमच्या घरी माणसे नुसती म्हणत नाहीत का?"

म्हणतात.
त्या दिवसापासून म्हणू लागली.

मग मी बाबांची गोष्ट लिहिली.
बाबा बार्जवर होते, बावीस वर्षे,
लाल माती भरून मुरगावपर्यंत आणि रिकामे परत.
खाणी बंद पडल्या.
बार्ज काठाला लागली ती लागलीच.
मी लिहिले, बाबा फार दुःखी होते.
चौथ्या दिवशी कार्ड हजर, इतक्या लवकर कधीच नाही:

"दुःखी मला दिसत नाही. हातात काय होते?"

असा राग आला म्हणता!
माडीवर बसून तांबडी शाई उडवणाऱ्याला
काय ठाऊक, पगार थांबलेल्या घरात
डाळ कशी पातळ होत जाते.
पण त्या रात्री पाणी प्यायला उठले
तर बाबा जागे. पावणेतीन.
भरती रोज पाऊण तास पुढे सरकते,
तशीच त्यांची झोपही सरकत होती,
कुठेच जायचे नसताना.
पडवीत बसून
सुंभाच्या हातभर तुकड्याचा
पीळ सोडवत होते, पुन्हा घालत होते,
मांडीवर घासून घासून.
मला पाहून म्हणाले, "पाणी चढले."
आणि झोपायला गेले.

तेवढेच लिहिले.
दुःख हा शब्द लिहिला, खोडला,
परत लिहिला, परत खोडला.
कागदाला तिथे भोक पडले.

गोष्ट अंकात आली.
शेवटची तीन वाक्ये मात्र नव्हती.

"उतरतेय म्हणून भरती कधी सांगते का?"

त्या तीन वाक्यांत मी बाबांना माफ केले होते.
अजून मला वाटते, ती हवी होती.

गेल्या मार्गशीर्षात कारापूरकर गेले.
माडी रिकामी करायची म्हणून
त्यांच्या भाचीने, पद्मजाने, फोन केला.
जुने अंक, वाळवीचे वारूळ, खिळे, बिनकाट्याचे घड्याळ,
आणि बिस्किटांच्या डब्यात त्यांचे अक्षर:
एका गोष्टीचे पहिले पान.
त्याखाली, तेच पहिले पान.
त्याखालीही.
सत्तावीसपर्यंत मोजली, पुढे मोजवेना.
प्रत्येकात एक मुलगा वाळवंटीच्या काठी उभा,
आई पलीकडे गेलेली,
प्रत्येकात अथांग, प्रत्येकात व्याकूळ,
एकात तर "उद्गारला"सुद्धा.
आणि आई दिसण्याआधी
पान संपते.
दुसरे पान डब्यात नव्हते,
अंकांच्या गठ्ठ्यातही नव्हते,
मी खरेच शोधले.

"रद्दीत घालू?" पद्मजाने विचारले.
खाली दुकानात कुणीतरी खडे मीठ मोजत होते.
तांबडी दौत सुकून गेलेली;
तांब्यातले थोडे पाणी घातले, हलवली.
"सर" लिहावे की नाही, ह्यात बराच वेळ गेला.
नाही लिहिले.
सर्वांत वरच्या पानावर, समासात, फिकट उमटले:

मुलाच्या हातात काय होते?