विसर्ग

पुंजाराम गायखे. एकतीस पावसाळे
गंगापूर धरणाच्या दरवाजावर.
आता सिव्हिलची सात नंबरची खाट.
नडगीवर बोट दाबलं, की खळगा भरत नाही.

डॉक्टरीणबाई सांगतात : काळीज तुंबलं
की तेच चिठ्ठी धाडतं मूत्रपिंडांना,
मीठ सोडा, पाणी सोडा.
तुमच्या रक्तात, काका, चिठ्ठ्यांचा ढीग आहे.
खाली कुणी वाचत नाही.

'वाचत असतील हो.
एका साली मलाही निरोप पोचला होता.
मागं तलाव काठोकाठ,
अन् चाकच फिरेना.
दोन्ही हातांनी लोंबकळलो…'
धाप लागते. उशी उंच करतात.

पहाटे, इंजेक्शननंतर,
मापाच्या भांड्यात आठशे.
लेक वहीत आकडा लिहिते.
तो डोळे मिटूनच विचारतो,
दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं?