एक उरतोच

पंपाच्या पोटाखाली एक भोक असतं,
मुद्दाम ठेवलेलं.
आतलं सील गेलं की तिथून ठिबकायला लागतं,
म्हणजे तो आधी रडून सांगतो,
मग मोडतो.
मी तीन आठवडे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
शाळेची बस चालवायची, परसातले बीट उपटायचे,
ठिबकणाऱ्या जागेखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा सरकवायचा
आणि म्हणायचं, बघू.

काल धान्याच्या कोठारापाशी, वळणावर,
काटा लाल रेषेला टेकला.
बॉनेटखालून गोडसर वाफ,
आणि कॅनोराचा रस्ता दोन्ही अंगांनी
कापून नेलेल्या गव्हाइतका मोकळा.

शेडमध्ये उणे चार.
हातमोजे घातले तर नट सापडत नाहीत,
काढले तर बोटं.
हिरवं पाणी टबात काढलं, फळीनं झाकलं.
कुत्र्याला ते गोड लागतं, आणि मारतं.
म्हणून पिरीहला केबिनमध्ये कोंडलाय;
स्टिअरिंगमागून तो माझ्याकडे बघतोय,
जणू ब्याऐंशी सालचा हा फोर्ड त्याचा
आणि मी इथे रोजंदारीवर.

पंखा. पट्टे. होज.
मग बोल्ट. कुणी लांब, कुणी आखूड,
एकही दुसऱ्याचा सख्खा नाही.
नव्या पंपाच्या खोक्यावर जुन्या पंपाचं चित्र काढून
ज्याची जागा त्याला दिली, पुठ्ठ्यात खोचून.
खालच्या कोपऱ्यातला हटेना.
तेल पाजलं. हातोडीनं चुचकारलं.
ज्या भाषेत मला फक्त प्रार्थना आणि शिव्या येतात
त्या भाषेत
प्रार्थना सोडून सगळं म्हटलं.
कर्र झालं.
सुटला. तुटला नाही.
दोन्हींचा आवाज सुरुवातीला एकच असतो.

मित्रो मामा फोनवर, कॅमसॅकच्या वृद्धाश्रमातून;
फोन बॅटरीवर उताणा, स्पीकर चालू.
"जुनं गॅस्केट खरवडलंस?"
"खरवडतेय."
"नख फिरव. पात्याला कळत नाही ते नखाला कळतं."
मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास,
मागे कुणाचा तरी टीव्ही,
जेवणाच्या ढकलगाडीचं कुरकुरणारं चाक.
या गाडीचा पंप त्यानं दोनदा बदललाय.
हल्ली तो मला मधूनच माझ्या आईच्या नावानं हाक मारतो,
पण बोल्ट किती आवळायचा
ते आकड्यानिशी सांगतो.

दार नीट लागलं नव्हतं.
वारा आत आला, पुठ्ठा उचलला,
भिंतीवर आपटला.
बोल्ट खणखणत पसरले,
एक तर लोळत थेट टबाच्या फळीखाली.
मी मामाला काही बोलले नाही.
गुडघ्यांवर बसून वेचले,
आणि लावले. लांब भोकात लांब,
बाकी अंदाज.

नवा पंप त्या काळ्या इंजिनात
म्हाताऱ्याच्या तोंडातल्या नव्या दातासारखा,
थोडा जास्तच पांढरा.

पाणी भरलं. किल्ली फिरवली.
काटा चढला, चढला,
मध्यावर येऊन बसला.
भोकाला बोट लावलं. कोरडं.
पुन्हा लावलं.

"चालली?"
"चालली."
"किती उरले?"

माझ्या तळव्यावर तो होता,
मधल्या लांबीचा, डोक्याला गंज.
"एक," म्हटलं.
"वरच्या फळीवर चहाचा निळा डबा आहे. बघ."

डब्यात वॉशर, वाकलेल्या पिना,
वाळलेली एक माशी,
आणि त्याचे दोन सख्खे भाऊ.
तेच आटे, तेवढीच उंची.

तिसरा आत टाकला.
टण्ण झालेलं त्यानं ऐकलं असावं,
कारण "कॅटरिना, सूप आलं," म्हणाला
माझ्या आईला,
आणि फोन न ठेवताच जेवायला बसला.
मी इंजिन बंद केलं नाही.
त्या घरघरीत
चमच्याचा आवाज येत राहिला.