हवेचा दाब

वादळ रात्री येणार असलं की मकुराझाकीत
मासे धुरावणाऱ्या शेडना दुपारीच कुलपं लागतात.
धूर तेवढा सोबत येतो, केसांत, बाह्यांत.
तसाच मी शिरतो हामासाकीबाईंच्या दुकानात:
सहा खुर्च्या, एक जाड फळी,
आणि वेधशाळेतून निवृत्त होताना
हट्टानं मागून आणलेला वायुभारमापक.

"नऊशे अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणतात.
हेच त्यांचं या, बसा.

काचेचा खालचा गोळा त्या आधी फडक्यानं पुसतात.
बाहेरून थेंब राहिला तर ज्योतीवर तडकतो.
एकदा तडकला होता. ती तारीख त्यांना
एखाद्या श्राद्धाच्या तिथीसारखी पाठ आहे.

मग स्पिरिटचा दिवा. पेराएवढी निळी ज्योत.
कापडी गाळणीखाली लोंबणारी मण्यांची साखळी
पाण्यात बुडते, आणि तिच्या टोकाशी
बारीक बुडबुडे येऊ लागतात,
घंटा व्हायच्या आधीच दप्तर आवरून बसलेल्या पोरांसारखे.
"साखळी नसेल तर पाणी गप्प गप्प तापतं
आणि मग एकदम अंगावर येतं."
माझ्याकडे बघून म्हणतात. का, ते कळत नाही.

वरचं भांडं घट्ट बसतं.
खाली वाफेला आता जागा पुरत नाही,
ती पाण्याच्या डोक्यावर बसून रेटते,
आणि पाणी, ज्यानं जन्मात उतार सोडून काही पाहिलं नाही,
नळीतून वर चढतं.
नवं गिऱ्हाईक इथे हमखास म्हणतं, जादू!
बाई म्हणतात, छे. रेटा.

नळी तळाला टेकत नाही.
घोटभर पाणी खालीच राहतं, उकळत,
वरच्या सगळ्याला तोलून धरत.
ते कपात कधी वर गेलेलं नसतं,
तरी शेवटी त्याच कॉफीत मिसळतं.

कॉफीची पूड. बांबूची पट्टी, तीन फेरे,
काचेला न लावता. फेस, गाळ, पाणी:
तीन थर, आणि दुकानभर तो वास
माझ्या बाह्यांतल्या धुराशी भांडत.

दिवा बाजूला.

काही होत नाही.
अजून काही होत नाही.
ओत्सुबोकाका, ज्यांची बोट दुहेरी दोरांनी बांधलीय,
पुढे वाकून म्हणतात,
"आता खालची पोकळी कॉफी ओढून घेईल."

"पोकळी ओढत नाही," बाई म्हणतात. "तिला हात कुठे आहेत?
वाफ निवते. सोळाशे थेंबांची जागा अडवून बसलेली
एका थेंबात मावते. मग बाहेरची हवा ढकलते.
ही. आपल्या खांद्यांवरची."

आणि कॉफी खाली येते, आधी बिचकत, मग धावत.

"लहानपणी आमचं छप्पर गेलं.
आई म्हणाली, वाऱ्यानं नेलं.
मी म्हटलं, बाहेर दाब पडला,
घरातल्याच हवेनं ते वर लोटलं.
आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.
उघड्या आभाळाखाली भात शिजवत होती
आणि बोलत नव्हती."

वरच्या भांड्यात शेवटची हवा खळखळते.
गाळाची लहानशी टेकडी उरते, ओली, गोल.
त्या हातातलं घड्याळ बघतात: बेचाळीस.
"रोज चाळीस. आज हवा हलकी आहे."
माझ्या मोबाईलवर एक्केचाळीस. मी गप्प बसतो.
दोन सेकंदांत वादळ मोजता येतं का,
की ते दिवा काढताना थरथरलेलं मनगट होतं,
हे त्यांना मी विचारणार नाही.

कप समोर येतो. "थांबा जरा, जीभ भाजेल."
बाहेर कुणीतरी फळ्या ठोकतंय,
मधेच वारा हातोडीचा एक ठोका खातो.
ओत्सुबोकाका कपात बघत विचारतात,
"छप्पर राहील ना आज?"

बाई वायुभारमापकाच्या काचेवर टिचकी मारतात.
काटा किंचित सरकतो, डावीकडे.

"खिडकी बोटभर उघडी ठेवा," म्हणतात,
आणि ओला गोळा पुसायला घेतात.