घडी

हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालते जेरार्दिना,
सालेर्नोच्या वरच्या डोंगरात.

बापाला आधी कॉफीचा वास येईना.
मग दुकानाच्या वहीत अक्षर मुंगीएवढं झालं.
मग अंगठा,
नसलेल्या गोळ्या वळत बसलेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अल्फा-सिन्यूक्लिन.
प्रथिन आहे, सगळ्यांच्याच मेंदूत असतं.
एखाद्याची घडी चुकते,
आणि ते शेजारच्यालाही शिकवतं
तसंच चुकायला.

"म्हणजे खालची चादर वाकडी पडली की
वरची सगळी चळत?"
"हो. तसंच काहीसं."

आजोबा असेच गेले. आत्या रोझाल्बासुद्धा.

तिच्या रक्ताचा निकाल नेपल्सहून आलाय,
इस्त्रीच्या मेजावर पाकीट, बंद.
ती कोपऱ्याला कोपरा जुळवते,
मध्येच थांबते,
चादर नाकाशी धरते.

साबण.
अजून साबण.