मधली खुर्ची

मिरजेच्या देवळामागच्या हॉलमध्ये
माझी खुर्ची मध्ये मांडली.
इकडं ऐझॉलहून तीन गाड्या बदलून आलेली चौघं,
तिकडं जत, पलूस, वाळव्याहून आलेल्या
आमच्या एकवीस जणी आणि दोन बाप्ये.
"तुम्ही इंग्रजीच्या निवृत्त बाई, तुम्हाला काय अवघड?"
पाळकसाहेब म्हणाले होते.
मी चष्मा पुसून घेतला.

पहिल्या दिवशी शब्द रांगेत आले,
भूक, ताप, शाळा, भीती.
ट्रॉमापाशी मात्र अडले.
आघात म्हटलं, तर श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखं वाटलं.
धक्का म्हटलं, तर रिक्षाचा.
मागून जतची शलोमी आवळे बोलली,
"मुक्का मार म्हणा की बाई.
वरनं दिसत न्हाई. आत काळंनिळं."
मी ते उलटं वाहून नेलं,
आणि शिकवायला आलेल्या रिनपुईनं
मुक्का मार वहीत उतरवून घेतला,
खाली दोन रेघा ओढून.

दुसऱ्या दिवशी उसाच्या फडावर.
कोपीपुढं सात-आठ वर्षांची पोर,
कडेवर भाऊ, एका हातानं चुलीत पाचट सारणारी.
रिनपुई तिच्यासमोर उकिडवी बसली.
बाळाचं नाव काय,
तिनं मला विचारलं, मी पोरीला.
"आजून ठिवलं न्हाय. पट्टा पडल्यावर ठिवायचंय."
गाळप संपणं इंग्रजीत सांगता आलं.
तोवर नाव थांबवून ठेवणं
सांगता आलं नाही.

तिसरा दिवस नुसता तक्त्यांचा.
कायदे, फोन नंबर, कुठलं दार कधी उघडं ठेवायचं.
आमटीभातानंतर अर्धे पेंगले, मीसुद्धा.

चौथ्या दिवशी कागद वाटले.
सात वर्षांचे होतात तेव्हा
जिथं सुरक्षित वाटायचं, ती जागा काढा.
एस्तेरमावशी ढोबळे,
अठरा वर्षं वसतिगृहातल्या चाळीस पोरांच्या भाकरी थापणारी,
तिनं एक गोल काढला. बस.
कडेला हळदीच्या बोटांचे डाग.
"पेव हाय. हरिपूरचं. रिकामं.
बा पिऊन आला की मी आत उतरायची."
हॉलमध्ये आमच्या सगळ्यांना ठाऊक,
पेवात हवा नसते,
धडधाकट माणसं उतरतात नि वर येत नाहीत.
"जीव घुसमटायचा. पन तितं कुनी यायचं न्हाई."
मग माझ्याकडं बघून, हळू,
"ह्ये त्यास्नी सांगू नका."

चौघं माझ्या तोंडाकडं बघत होती.
मी मधल्या खुर्चीवरून उठले
आणि पाणी प्यायला गेले.
परत आले तेव्हा रिनपुई जमिनीवर, मावशीशेजारी.
काही विचारत नव्हती.
पंख्यानं उडणारा कागदाचा कोपरा
अंगठ्यानं दाबून धरला होता तिनं.

समारोपाला प्रमाणपत्रं.
छपाईत एस्तेरची ईस्टर झाली होती.
आम्ही हसलो, मावशी सगळ्यांत जास्त.

त्या रात्री वसतिगृहात मोजताना
एक डोकं कमी भरलं.
नवा पोरगा, कॉटखाली.
मागच्या आठवड्यात तिनंच त्याला
दंडाला धरून ओढून काढलं होतं.
आता ताटली आत सरकवली,
आणि फरशीवर कॉटला पाठ लावून बसली.
"श्वास घे रं," एवढंच.
तक्त्यावर हे कुठंच नव्हतं.

एप्रिलमध्ये ऐझॉलहून निरोप आला,
रोमन अक्षरांत, चुका करत:
पट्टा पडला का?
पडला, मी लिहिलं.
फडावर जाऊन आले होते.
जळलेलं पाचट, चुलीचे तीन दगड,
आणि विचारायला कुणी नाही.
हे लिहिलं नाही.