कमिंग का?

शिरोलीच्या फाउंड्रीत पहिल्या दिवशी
झुझानानं विचारलं, कास्टिंग कधी मिळणार.
मी म्हणालो, टुमारो. पक्का.
तिनं वहीत लिहून घेतलं, पक्का,
खाली रेघ मारली.
तिला वाटलं हा एक वार असावा,
सोमवार, मंगळवार, पक्का.

हंगेरीतली पोरगी, ग्योर नावाच्या गावची.
आम्ही त्याला घोर म्हणायचो.
आमची पंपाची हौसिंगं तपासायला सहा महिने आलेली,
हातात व्हर्नियर, नाकावर काळी वाळू.
राहायला राजारामपुरीत,
हौसाक्का चौगुल्यांच्या माडीवर.

माझं इंग्लिश आयटीआयचं, मोल्डर ट्रेडचं, कामापुरतं.
मॅडम, मेटल फुल हॉट हाय, गो मागं.
मॅडम, स्टँडिंग नको, सिटिंग करा.
आणि शेवटी 'का' पाहिजेच,
त्याशिवाय काही विचारलंय असं वाटत नाही.
ईटिंग का? गोइंग का? सीन का?

दोन महिन्यांत ती गेटवरच्या वॉचमनला
हात वर करून म्हणायला लागली,
काय भावा, टी ड्रिंकिंग का?
निघताना, मी येतो.
पुण्याची एक बाई तिला मोबाईलवर मराठी शिकवायची,
ती म्हणाली, 'येतो' चूक, 'येते' म्हण.
झुझाना म्हणाली, हौसाक्का येतो म्हणतात,
त्या बाई नाहीत का?
हे तिनं डबा खाताना सांगितलं
आणि कोअर शॉपच्या बायका भाकरी खाली ठेवून हसल्या.
मालूताई म्हणाली, मी तर जन्मभर येतोच म्हणतो की गं.

खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू झालं,
भट्टीपुढं नारळ फुटला,
पॅलेटांच्या स्टेजवर कुणीतरी गाणं म्हटलं, ते पडलं.
मग ती चढली.
माझी टोपी मागून घेतली, पेन कानावर खोचलं,
खिशातनं मोबाईल काढला.

हॅलो. हॅलो सर. गुड मॉर्निंग सर.
मटेरियल रेडी. गाडी रेडी.
ड्रायव्हर ओन्ली जेवालाय.
नो नो सर, टेन्शन नॉट टेकिंग, मी हाय न्हवं?
टुमारो.

इथं ती थांबली,
आणि दीडशे माणसं एका दमात ओरडली,
पक्का!

मीही हसलो. तोंड हसत होतं.
एकदा पुण्यात मुलाखतीला
माझं 'इस्टील' ऐकून दोघं साहेब
एकमेकांकडं बघून गप्प झाले होते.
हसले नव्हते.
त्यापेक्षा हे बरं, का वाईट, मला ठरवता येईना.
जिलेबीचा पाक बोटांना चिकटून राहिला.

मग तिनं टोपी काढली आणि स्वतःची नक्कल केली.
विच टुमारो? प्लीज, विच टुमारो?
रडवेलं तोंड, वही छातीशी धरलेली.
त्यानंतर तिचा जर्मन साहेब,
जो तिचं इंग्लिश ऐकताना डोळे मिटून घेतो,
दात दुखल्यासारखा.
तो कुणालाच माहीत नव्हता.
तरी त्यालाच जास्त हसलो आम्ही.

घरी येताना गाडीवर मागनं रत्नमाला म्हणाली,
अस्संच बोलता तुम्ही.
बास्केट ब्रिज गेला, नदी गेली, ती गप्प.
मग म्हणाली, तिनं एक सोडलं पण.
काय?
साहेबाचा फोन असला की वाकता तुम्ही.
बघितलं असणार तिनं. केलं नाही.

फेब्रुवारीत ती गेली. चपलांचे तीन जोड,
दोन किलो कांदा-लसूण चटणी,
विमानतळावर बॅग उघडायला लावली म्हणे,
अख्खी रांग शिंकली.

परवा ग्योरहून मेल आला.
कोण इश्त्वान, नाव पहिल्यांदाच ऐकलं,
इकडं कधी आलेला नाही.
नव्या हौसिंगचं ड्रॉइंग, चार ओळी सरळ इंग्लिशमध्ये,
खाली शेवटी,
सीन का?

दोनदा वाचलं.
चष्मा पुसून पुन्हा एकदा.
सीन, एवढं टाइप केलं, पुढं काय लिहावं सुचेना,
तेवढ्यात भट्टीवरनं हाक आली,
मेटल तयार होतं.