तीन नावांचा एकच इसम

बँकेच्या पुस्तकात तू भुजंग ग्यानोबा सुरनर,
रेशनकार्डावर बुजंग,
शाळेच्या टीसीवर भुजंगराव.
सहावीतल्या पोराला राव कुणी लावला, काय माहीत.
वकील म्हणाले, आधी शपथपत्र लागंल,
की ही तिन्ही नावं एकाच इसमाची आहेत.
मी सही केली.
आई हाक मारायची ते चौथं नाव
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

उदगीरच्या कोर्टात बाकडी कमी, माणसं जास्त.
पहिल्या तारखेला साहेब रजेवर.
दुसऱ्या तारखेला वकिलांचं काम बंद.
तिसरीला पुकारा झाला
तेव्हा मी खाली झेरॉक्सच्या रांगेत,
तुझ्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती काढत होते.
पोरगं म्हणालं, मावशी, एक फिकी आली, तिचे पैसे नका देऊ.

मग माझी पाळी.
आधारवर मी शेवंता माधव देवकत्ते.
"ह्यात सुरनर कुठंय?" बाबूनं विचारलं, मान वर न करता.
बेचाळीस वर्षं झाली, मी सुरनर राहिले नाही, बाबा.
तरी राखीला दरसाल अहमदपूरहून येत होते,
त्याची पावती कंडक्टरनं दिलेली,
ती कुठं जपून ठेवतंय कुणी?

तू ठेवत होतास.
दुकानात, जुन्या वॉल्वच्या डब्यात,
माझी लग्नपत्रिका सापडली,
सोल्डरच्या तारेनं बांधलेली,
कोपऱ्याची हळद काळी पडलेली.
चि. सौ. कां. शेवंता, ग्यानोबा सुरनर यांची कन्या.
बाबूनं ती उलटीपालटी केली
आणि निशाणी सहा म्हणून शिक्का मारला
गणपतीच्या सोंडेवर.

नंतर पेपरात नोटीस.
*तमाम लोकांस कळविण्यात येते की मयत हे अविवाहित होते,
अर्जदाराखेरीज त्यांना इतर कोणीही वारस नाही,
कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांचे आत…*

खरं सांगू का भुजंगा,
मला वाटत होतं, कुणीतरी हरकत घ्यावी.
निलंग्याकडची, देगलूरकडची, कुठलीबी एखादी बाई यावी,
दारात चप्पल काढून म्हणावं,
ह्या माणसात माझाबी वाटा हाय.
मी भांडले नसते. चहा टाकला असता.
एकसष्ट वर्षं जगला माणूस
आणि त्याच्यावर हक्क सांगणारं कुणीच नाही,
हे असं छापून येतंय, दोन इंचात,
बोअरवेलच्या जाहिरातीच्या खाली.

सव्विसाव्या दिवशी कय्यूमचाचा आले.
"बेटी, पेपर में देख्या. मेरा रेडिओ है अंदर."
पावती? हरवली.
ओळख काय, म्हणलं.
"दुसऱ्या बटणाला लाल नेलपॉलिश.
आमच्या नातीनं लावलं होतं, आता ती भिवंडीत असते."
फळीवर होता. होतं.
मी दिला. ना वकील, ना साक्षीदार.
त्यांनी पदरात साठ रुपये घातले, दुरुस्तीचे,
आणि उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिले.

तिसाव्या दिवशी शिपायानं व्हरांड्यात तोंड काढून
तीनदा विचारलं, कुणी हरकतदार?
एक कुत्रं उठलं, जागा बदलून झोपलं.

प्रमाणपत्र मिळालं.
परिशिष्टात तू एक लाख अठरा हजार चारशे बारा रुपये
आणि त्यावरचं व्याज आहेस.
बँकेतला पोरगा म्हणतोय, आता सोमवारी या,
मॅनेजर लातूरला मिटिंगला गेलेत.

दुकानाचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलंय.
अकरा रेडिओ अजून फळीवर आहेत,
परिशिष्टात नसलेले.
प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी,
गिऱ्हाइकाचं नाव, खाली तुझ्या अक्षरात दोष.
काल एक वाचली:
आवाज येतो, स्टेशन लागत नाही.